मागं बगायचा नाय

हरेश,

तुझी सायकल काल आली. ट्रकमधून, आणि तुझ्याच गोदामाच्या गाळ्यावर. तिकडून पाठवताना पार्सलवर मी तुझंच नाव आणि तुझाच मोबाइल नंबर लिहिला होता. डोकं ठिकाणावर कुठे होतं माझं! त्यामुळे ड्रायव्हरने फोन लावला तो तुलाच. तुझा फोन आता वहिनींकडे असतो. "हरेशभाई का माल आया है, सायकल है, किसी को गेट पे भेजो," असं तो म्हणाला. वहिनींनी लगेच मला फोन केला. "मास्तर, ह्यांची सायकल आली. मी निघाले, तुम्हीपण या." त्यांचा आवाज ऐकून मला क्षणभर वाटलं, सायकलीबरोबर तूही आला असशील.

तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले. मी आकडा बरोबर मोजतो, शेवटी गणिताचा मास्तर आहे. पण आकडा मोजून झाला तरी आत काही पटत नाही. परवा रविवारी पहाटे साडेपाचला उठलो, बाटली भरली, बुटाची नाडी बांधली आणि तुझ्या हाकेची वाट बघत जिन्यात उभा राहिलो. बायको दार उघडून बघत राहिली. मीच नाडी सोडली.

तुझ्याबद्दल चार शब्द लिहून द्या, असं आपल्या सायकलच्या ग्रुपमधली मंडळी म्हणतात. ते मी देईन, छान छान लिहीन. हे त्यांच्यासाठी नाही. तुझ्या घरी माझ्या नावाने एक गोष्ट सांगितली जाते आहे, रोज, येईल त्या प्रत्येकाला. ती खोटी आहे. आणि ती मीच पहिल्यांदा सांगितली.

आधीपासून सांगतो, नाहीतर मलाच धड संगती लावता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझी साखर वाढली आणि डॉक्टर म्हणाले, चाला. भिवंडीत चालायचं कुठे? निजामपुऱ्यात चालायला लागलो तर हातगाडी, रिक्षा आणि लूमच्या गठड्या यांच्यामधून वाट काढण्यातच व्यायाम संपायचा. तिथेच अन्वरभाईच्या सायकलच्या दुकानात तू भेटलास. हातात जाड टायरची, वाकड्या हँडलची सायकल होती आणि तू अन्वरभाईशी भांडत होतास. तो म्हणत होता, "सेठ, पतला टायर लो, रोड की सायकल लो." आणि तू म्हणत होतास, "रोड है किधर?" मी हसलो. तू माझ्याकडे वळून म्हणालास, "हसतंस कनाला? रविवारी ये माज्याबरोबर." अनोळखी माणसाला, वयाने अकरा वर्षांनी मोठ्या मास्तरला, पहिल्याच भेटीत अरेतुरे! मला राग यायला हवा होता. मी रविवारी आलो.

तिसऱ्या की चौथ्या रविवारची गोष्ट. वज्रेश्वरीला निघालो होतो, अंबाडीच्या अलीकडे. मागून ट्रेलरचा भोंगा वाजला आणि मी वळून पाहिलं. नवशिक्याची मान वळली की हँडलही वळतं, हे मला माहीत नव्हतं. ट्रेलरची मागची चाकं माझ्या कोपराला वारा घालत गेली. पुढच्या टपरीवर तू मला बसवलंस. माझ्या हातातला चहा वाफाळत होता. तू तो काढून घेतलास, फुंकून फुंकून थंड केलास, परत दिलास आणि नियम सांगितलास. "मास्तर, आजपासून तू फुडं, मी मागं. तू फक्त फुडचा बगायचा. मागचा मी बगतू. मी वरडलू की डावा हात वर करायचा. पन मागं बगायचा नाय. मेलास तरी नाय."

तेव्हापासून नऊ वर्षं तसंच. मागून ट्रेलर आला की "मोटी!" आणि बाकी काहीही आलं की "गारी!" तुझ्या तोंडात गाडीची नेहमी गारीच व्हायची. मी तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, पण तुझी गारी कधी दुरुस्त करावीशी वाटली नाही. भिवंडी-वाडा रस्त्यावर दर मिनिटाला तुझा आवाज यायचा आणि माझा डावा हात वर जायचा. ग्रुपमधले चिडवायचे, मास्तर वर्गात हजेरी देतायत म्हणून. खरंच ती हजेरीच होती, फक्त माझी नव्हे, तुझीही. आवाज आला म्हणजे तू आहेस. हे मी कधी मनात मांडलं नाही, कारण आवाज न येण्याची वेळच कधी आली नाही. आपल्याकडचा रस्ता दोन मिनिटं तरी रिकामा राहिलाय का?

मी जिवंत आहे तो तुझ्या घशामुळे. हे तुला एकदा तोंडावर सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी काय केलं? तुझ्याशी भांडलो.

ते भांडण अर्धंच राहिलं बघ. प्रत्येक वेळी धूळ खाऊन घरी आलो की तू ट्रकवाल्यांच्या आईबहिणी काढायचास. आणि मी म्हणायचो, "चोराच्या उलट्या बोंबा! यातले निम्मे ट्रक तुझ्याच गाळ्यांवर चाललेत. बापजाद्यांच्या भाताच्या खाचरांवर पत्रे ठोकलेस तू, आणि वर रस्ता मोकळा पाहिजे?" तू कधी निरुत्तर व्हायचा नाहीस. "मंग तू मोबाइलवरना मागवतंस त्या सायकलच्या चड्ड्या काय आभालातून परतान? माजेच गाल्यातून येतान." एकदा मात्र तू वाद घातला नाहीस. पाण्याच्या पाइपलाइनच्या कडेच्या मातीच्या रस्त्यावर थांबलो होतो, दूरवर तुझ्या गाळ्यांची निळी छपरं दिसत होती. "बापाचे टायमाला हितं पान्यात बगले उतरायचे," एवढंच म्हणालास. मी जिंकलो म्हणून गालात हसलो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसरं भांडण आरशाचं. हँडलला लावायचा एक छोटा गोल आरसा मी आणला होता. तू तो हातात घेऊन त्यात मिशी बघितलीस, आणि अन्वरभाईच्या गल्ल्यावर ठेवून दिलास. "मी हाय ना मागं. आरसा कनाला?" मी वाद घातला, पण फार नाही. मला ते आवडलं होतं. माझ्या मागे कोणीतरी आहे, यापेक्षा म्हातारपणी माणसाला आणखी काय लागतं!

तो आरसा अजून तिथेच आहे. मी बघून आलो.

मग तू तो व्हिडिओ पाहिलास. हिमाचलातल्या किन्नौरच्या वरच्या अंगाला, सरहद्दीजवळ, खडीचा एक रस्ता. दोन सायकलवाले चाललेत, बाजूला ओकेबोके डोंगर आणि अर्धा तास एकही वाहन नाही. तू मला तो रात्रंदिवस पाठवत राहिलास. "मास्तर, गारीच नाय. बग. गारीच नाय." देव दिसल्यासारखा बोलायचास. मी निवृत्त झालो आणि तू तिकिटं काढून मोकळा झालास.

सगळ्यांना काळजी माझी. अठ्ठावन्न वर्षांचा, साखरेच्या गोळ्या खाणारा मी. तुझे सगळे रिपोर्ट स्वच्छ, पट्ट्यावर पळवून हृदयाचा काढलेलासुद्धा. निघताना वहिनी तुला म्हणाल्या, "मास्तरांवर लक्ष ठेवा." तुझी आय म्हणाली, "मास्तरला एकलं सोरू नको." माझ्या बायकोने तुझ्या हातात माझ्या गोळ्यांची डबी दिली. तुझ्यावर लक्ष ठेव, असं मला कोणी म्हटलं नाही. आणि मीही स्वतःला म्हटलं नाही, हे खरं.

चार दिवस आपण हळूहळू वर चढत होतो. सफरचंदं उतरवायचे दिवस होते, खालच्या रस्त्याला त्यांचे ट्रक लागलेले. तू तिथेही "गारी" ओरडत होतास आणि तिकडची पोरं तुझी नक्कल करत होती. पाचव्या दिवशी, ज्या घरी उतरलो होतो तिथल्या बाई म्हणाल्या, "पुराना रास्ता ले लो. नीचे नया बन गया तो ऊपर कोई जाता नहीं. भेड़-बकरी चलती है, कभी-कभार फौज की गाड़ी." तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू लॉटरी लागली.

तो रस्ता मी विसरणार नाही, आणि विसरता आला असता तर फार बरं झालं असतं. खाली खोल नदी, तिचा आवाज वरपर्यंत येत नव्हता. चाकाखाली खडी करकरत होती, तेवढाच आवाज. एका वळणावर तू समोरच्या बर्फाच्या रांगेकडे बोट केलंस. "मास्तर, त्याचे पलीकडं चीन. तिकडं पन कोनतरी आगरी आसल, माज्यासारका गाले बांधित." मी इतका हसलो की उतरून उभा राहिलो, त्या उंचीवर हसायलाही दम लागतो. मग चढण सुरू व्हायच्या आधी मी तुला म्हटलं, "आज तू पुढे हो. इथे कुठली आलीय गाडी?"

तू म्हणालास, "नाय रं. सवय हाय. तू हो फुडं."

हे तुझे शेवटचे शब्द, हरेश. हेच खरे शब्द. दुसरे कुठलेच नाहीत.

मी पुढे झालो. सकाळचे दहा वाजले असतील. लांब, सोपी चढण होती, वळणावळणाची. मागून काही आवाज नाही. आवाज नाही म्हणजे गाडी नाही. गाडी नाही म्हणजे सगळं ठीक. नऊ वर्षं माझ्या मानेला जे शिकवलं होतंस, ते तिने तंतोतंत पाळलं. एकदाही वळली नाही. अरे, दरीच्या बाजूला बघायला वळली, मेंढ्या बघायला वळली, मागे वळली नाही. दुसऱ्या कोणी दोन माणसांनी तो रस्ता केला असता तर दर वळणावर एकमेकांकडे बघितलं असतं. भिवंडीची दोन माणसं होती म्हणून घात झाला.

वर सपाटीवर पोचलो. मंत्र कोरलेल्या दगडांचा एक ढीग होता, त्याला टेकून बसलो. वहिनींनी दिलेले नाचणीचे लाडू काढले. एक माझा खाल्ला. मग तुझ्या वाट्याचाही खाल्ला, तू आल्यावर चिडशील म्हणून. ऊन अंगावर घेत, पाय पसरून बसलो. आयुष्यात इतकं शांत मला कधी वाटलं नव्हतं. मनात म्हटलंही, हरेशने काय आणलंय आपल्याला! तू फोटो काढत असशील, आडोशाला गेला असशील, मेंढपाळाशी गप्पा मारत असशील. एकदा तर मला रागही आला, की हा नेहमीसारखा रमला वाटतं.

चाळीस मिनिटं. मी घड्याळ बघत होतो. चाळीस मिनिटं मी आनंदात होतो.

मग उठलो आणि खाली आलो. तिसऱ्या वळणावर तू होतास. दगडाला पाठ टेकून बसलेला. मी लांबूनच ओरडलो, "काय रे, बसलास काय?" जवळ येईपर्यंत ओरडतच होतो. तुझी छाती दाबली, तोंडात फुंकलं, शाळेत शिकवलं होतं तसं सगळं केलं. किती वेळ केलं ते माहीत नाही. फोनला रेंज नव्हती. एक मेंढपाळ वरून धावत आला आणि त्याने मला तुझ्यापासून बाजूला केलं. तोच चौकीवर पळत गेला. जवानांची गाडी दोन तासांनी आली. त्या रस्त्यावर त्या दिवशी आलेली ती पहिली गाडी. तुला न्यायला.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, झटक्यात गेले, कळलंही नसेल. ते हे माझ्याकडे न बघता म्हणाले. मी मान हलवली. पण मी तुझी सायकल बघितली होती. सायकल पडलेली नव्हती, ठेवलेली होती. गिअरची बाजू वर, जशी तू आम्हा सगळ्यांना ओरडून ओरडून ठेवायला शिकवलीस. हेल्मेट काढून बाजूला ठेवलं होतं, आणि हातमोजे त्या हेल्मेटमध्ये. बाटलीचं झाकण उघडं होतं. झटक्यात जाणारा माणूस हातमोजे काढून ठेवत नाही. तुला वेळ मिळाला होता. किती, ते मला माहीत नाही. तू हाक मारलीस का? मारली असलीस तर काय म्हणालास? वारा माझ्या बाजूने तुझ्याकडे होता. मी शंभर वेळा त्याचा हिशेब घातलाय. कदाचित तू हाक मारली नसशील. कदाचित वाटलं असेल, जरा बसतो, मास्तर चांगला चाललाय, कशाला थांबवा. मला यातलं कुठलं जास्त वाईट, तेही ठरवता येत नाही.

चौकीवरच्या फोनवरून मी वहिनींना कळवलं. मी काय बोललो आठवत नाही. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्ही जवळ होतात ना?"

मी म्हणालो, "हो."

"पाणी?"

"पाजलं. माझ्या हाताने."

"काय म्हणाले?"

आता यावर मी काय सांगणार होतो? 'तू हो फुडं'? मागे कुठेतरी आयचा आवाज येत होता, कोणाचा फोन, कोणाचा फोन, असं विचारणारा. मी म्हणालो, "आयला सांभाळा म्हणाला."

तीन प्रश्न, तीन उत्तरं, तिन्ही खोटी. परीक्षेत मुलं ठोकून देतात तसं ठोकून दिलं. वाटलं, घरी पोचेपर्यंत तरी तग धरतील. पुढचं पुढे बघू. तुझा भाऊ विमानतळावर आला, आम्ही तुला घरी आणलं, खाडीकाठी नेलं, आणि तोवर ती गोष्ट माझ्या हातची राहिली नव्हती. मी उंबरठ्यात पाय ठेवला आणि आयने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला. "माजे पोराला तुजे हातचा पानी भेटला रं मास्तर. माजा नाव काराला त्यानं, शेवटाला." तेव्हापासून ती येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. माझ्याकडे बोट करते आणि लोक माझ्याकडे आदराने बघतात. घरी येऊन मी त्या हाताने जेवतो, घास तोंडापर्यंत जातो आणि परत ताटात पडतो.

वहिनीही सांगायच्या. पण त्यांच्यात काहीतरी कमी कमी होत चाललं होतं, ते मला दिसत होतं आणि उमगत नव्हतं. दु:खाने होत असेल म्हटलं.

आणि काल सायकल आली. मी पोचलो तेव्हा वहिनी गाळ्यात खुर्चीवर बसल्या होत्या, समोर खोका. मी अन्वरभाईला बरोबर घेऊन गेलो होतो. त्याने टेप कापली, एकेक भाग काढला, चाकं बसवली. सायकल उभी करून तो बाहेर जाऊन उभा राहिला. वहिनी उठल्या. तुझ्या सायकलशी त्यांचं सवतीचं नातं, त्या कधी तिला हात लावायच्या नाहीत. काल त्यांनी हँडलपासून मागच्या चाकापर्यंत सगळीकडे हात फिरवला. धान्यात खडा बघावा तसा. मग म्हणाल्या, "मास्तर, सायकलवरून कोसळले म्हणालात ना? तुम्ही सावरलंत. मग हिला एकपण ओरखडा कसा नाही?"

कोसळला, सावरला, हेही कधीतरी मीच जोडलं असणार. गोष्ट सांगत गेलं की तिला हातपाय फुटतातच. अजून एक थाप मारता आली असती. पॅकिंग चांगलं होतं म्हणता आलं असतं. माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. मी खाली, जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. नियम, रिकामा रस्ता, दगडांचा ढीग, चाळीस मिनिटं. लाडू. हातमोजे. बाटली. तुझे खरे शब्द. मी बोलत असताना बाहेर कोणाच्या तरी गाळ्यावर ट्रक मागे घेत होते आणि तो रिव्हर्सचा आवाज थांबत नव्हता.

मला वाटलं त्या मला मारतील. मारायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आयचं नावपण घेतलं नाही?"

"नाही. कोणाचंच नाही. मी नव्हतोच तिथे."

वहिनी परत खुर्चीवर बसल्या. पदर तोंडात कोंबला आणि रडल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाल्या, "अकरा दिवस मी स्वतःला खातेय, मास्तर. तेवीस वर्षं संसार केला. शेवटच्या घटकेला माझं नाव का नाय आलं तोंडात, म्हणून. काय चुकलं माझं, म्हणून. आणि तुम्ही बसून बघताय."

हरेश, मला हे सुचलंच नव्हतं. आयला बरं वाटावं म्हणून बोललो ते वाक्य तुझ्या बायकोच्या उरात रोज थोडं थोडं शिरत होतं. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली नाही. "उठा," म्हणाल्या, "घरी माणसं आलीत."

संध्याकाळी कशेळीची तुझी आत्या आली. गुडघे धरून, कण्हत, आयच्या शेजारी बसली. दोघी म्हाताऱ्या आधी खूप रडल्या. मग आत्याने विचारलंच, "शेवटाला कोन व्हता रं त्याचे जवल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठरवूनच आलो होतो की आता खोटं बोलायचं नाही. तोंड उघडलं. आणि माझ्या आधी वहिनी बोलल्या, अगदी रोजच्या आवाजात. "मास्तर होते. त्यांच्याच हातनं पानी प्याले. आयला सांभाळा म्हनाले."

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, आयकडे बघत होत्या. आयने डोळे मिटून मान हलवली आणि आत्याने तिचा हात धरला. ते वाक्य म्हणताना वहिनींना किती जड गेलं असेल, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. थोड्या वेळाने त्यांनी चहा आणला. माझ्यासमोर कप ठेवताना खाली वाकून हळूच म्हणाल्या, "आयसमोर हेच राहील. पण मी विचारीन तेव्हा मला खरं सांगायचं. जेवढ्यांदा विचारीन तेवढ्यांदा."

आज सकाळी सातला त्यांचा फोन आला. कसे आहात नाही, काही नाही. "मास्तर, तुम्हाला सापडले तेव्हा त्यांचं तोंड कुठल्या बाजूला होतं?"

मी हे त्यांना सांगितलं नव्हतं. कोणालाच नाही.

"वर, रस्त्याकडे," मी म्हणालो. "मी गेलो होतो त्या बाजूला. डोळे उघडे होते."

तुझ्या घरातल्या कुकरची शिट्टी मला ऐकू आली, मग खोकत चाललेल्या आयची चाहूल. मीही फोन ठेवला नाही.

"बरं," वहिनी म्हणाल्या. "उद्या परत विचारीन."